पायाखालची प्रतिमा : ‘सायलेन्स’ ही कादंबरी आणि तिच्यामागचा जपान

शुसाकू एंदो या जपानी लेखकाची ‘चिन्मोकु’ ही कादंबरी मार्च १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती धर्मावर बंदी असलेल्या सतराव्या शतकातील जपानमध्ये चोरून शिरलेल्या एका पोर्तुगीज पाद्र्याची ही कथा आहे. प्रसिद्धीच्या वर्षीच तिला तानिझाकी पुरस्कार मिळाला. विल्यम जॉन्स्टन या जेझुइट धर्मगुरूंनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९६९ मध्ये आला आणि ‘सायलेन्स’ या नावाने ती जगभर वाचली जाऊ लागली. परमुलखात राजकीय संकटात सापडलेल्या मिशनऱ्यांवरच्या कादंबऱ्यांत आज तिचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

अशा कादंबऱ्यांत वाचकाला धरून ठेवणारा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : पाद्री सुटणार की मारला जाणार? ‘सायलेन्स’मध्ये हा प्रश्न निम्म्या वाटेवरच मागे पडतो. पाद्र्याला पकडणाऱ्यांना त्याचा जीव नकोच आहे. मारलेला पाद्री रक्तसाक्षी ठरतो आणि त्याच्या नावाने बाकीचे अधिक घट्ट उभे राहतात, हे त्यांनी अनुभवाने ओळखले आहे. त्यांना हवे आहे ते त्याचे पाऊल. येशूची प्रतिमा जमिनीवर ठेवलेली आहे आणि तिच्यावर त्याने स्वतःहून पाय द्यायचा आहे. तो देईपर्यंत इतरांचे हाल थांबणार नाहीत. कादंबरीतला सारा ताण या एका अटीतून निर्माण होतो, आणि ही अट लेखकाच्या कल्पनेतली नाही. जपानच्या राज्यकर्त्यांनी ती खरोखरच घातली होती.

संकटातल्या पाद्र्याची गोष्ट

मिशनरी आणि राज्यसत्ता यांच्या झगड्यावर विसाव्या शतकात अनेक नामवंत कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. ग्रॅहम ग्रीन १९३८ मध्ये मेक्सिकोत फिरले. तिथल्या ताबास्को प्रांतात तोमास गारिदो कानाबाल या गव्हर्नरने चर्च बंद पाडली होती आणि पाद्र्यांना हुसकावले होते. या प्रवासातून ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) ही कादंबरी आली. तिचा नायक बिननावाचा, दारूच्या आहारी गेलेला, एका मुलीचा बाप झालेला पाद्री आहे आणि पोलीस त्याच्या मागावर आहेत. ब्रायन मूर यांच्या ‘ब्लॅक रोब’मध्ये (१९८५) कॅनडाच्या जंगलातला फ्रेंच जेझुइट आहे. बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या ‘द पॉयझनवुड बायबल’मध्ये (१९९८) बेल्जियन काँगो स्वतंत्र होत असताना तिथे अडकलेले अमेरिकन बाप्टिस्ट कुटुंब आहे.

अमेरिकेतील ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांनी यापुढे जाऊन श्रद्धावान वाचकांसाठी रहस्य आणि थरार यांची स्वतंत्र शाखाच उभी केली. फ्रँक पेरेटी यांच्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ (१९८६) या कादंबरीच्या खपानंतर ती चांगलीच फोफावली. या शाखेतल्या कथांची चौकट साधारण पक्की असते. संकट बाहेरून येते, नायकाची श्रद्धा पणाला लागते आणि शेवटी ती तावून सुलाखून निघते.

एंदोंनी पाठलाग, फितुरी, तुरुंग, उलटतपासणी हे या कथाप्रकाराचे सगळे सामान घेतले. ग्रीनची कादंबरी त्यांच्या परिचयाची होती आणि दोन्हींतले साम्य समीक्षकांनी वारंवार दाखवले आहे. दोन्हीकडे नायकाला पकडून देणारा एक केविलवाणा माणूस आहे आणि दोन्हीकडे पाठलाग करणारा अधिकारी बुद्धिमान आहे. फरक शेवटात आहे. ग्रीनचा पाद्री मरणाला सामोरा जातो. एंदोंच्या पाद्र्याला मरणाची सोयच ठेवलेली नाही.

गोव्याहून जपानकडे

जपानमधल्या ख्रिस्ती धर्माची वाट गोव्यातून गेली. आंजिरो हा कागोशिमाचा एक फरारी जपानी मलाक्कामार्गे गोव्यात आला आणि १५४८ मध्ये त्याचा तिथे बाप्तिस्मा झाला. पुढच्या वर्षी त्यालाच दुभाषा म्हणून बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेत ज्यांचे शव जपून ठेवले आहे, तेच हे संत.

तेव्हाचा जपान आपसांत लढणाऱ्या सरदारांमध्ये, म्हणजे दाइम्योंमध्ये विभागलेला होता. पोर्तुगीज जहाजे चिनी रेशीम आणि बंदुका घेऊन येत आणि पाद्र्यांचा शब्द त्या व्यापारात चाले. जहाज आपल्या बंदराला लागावे म्हणून काही सरदारांनी मिशनऱ्यांना आश्रय दिला, तर काहींनी मनापासून धर्म स्वीकारला. ओमुरा सुमितादा या दाइम्योने १५६३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १५८० मध्ये नागासाकी बंदराचा कारभार जेझुइटांच्या हवाली केला. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानमधील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे तीन लाख होती, असा अंदाज केला जातो.

जेझुइट संघाचे पाद्री गोव्यात आणि जपानमध्ये अगदी वेगळ्या परिस्थितीत काम करत होते. गोव्यात पोर्तुगीज राज्यसत्ता त्यांच्या पाठीशी होती. तिथे देवळे पाडली गेली होती आणि १५६० पासून इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय बसले होते. जपानमध्ये पोर्तुगालची फौज नव्हती, त्यामुळे तिथल्या लोकांच्या मर्जीवरच सारे अवलंबून होते. अलेस्सांद्रो व्हालिन्यानो या जेझुइट प्रमुखांनी पाद्र्यांना जपानी भाषा, जपानी शिष्टाचार आणि जपानी पद्धतीचे खाणेपिणे शिकण्याची सक्ती केली. त्यांच्याच पुढाकाराने १५८२ मध्ये चार जपानी मुलांचे शिष्टमंडळ रोमला निघाले. ही मुले वाटेत गोव्यात थांबली, १५८५ मध्ये पोपना भेटली आणि १५९० मध्ये मायदेशी परतली. तोवर वारे फिरले होते.

राज्याचा प्रश्न

देश एका छत्राखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीने १५८७ मध्ये पाद्र्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला, पण व्यापारावर पाणी सोडायची त्याची तयारी नव्हती, म्हणून हुकूम बराच काळ कागदावरच राहिला. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. स्पेनचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागाहून सैन्य, असे त्या जहाजावरचा एक अधिकारी बोलून गेला, असे सांगतात. त्यानंतर काही महिन्यांतच, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले.

त्या सव्वीस जणांत वसईचा एक माणूस होता. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज अमलाखालच्या वसईत झाला. वडील पोर्तुगीज आणि आई इथली, असे परंपरेने सांगितले जाते. जेझुइटांच्या शाळेत शिकून ते तरुणपणीच जपानला गेले, जपानी बोलू लागले, पुढे व्यापारात पडले आणि मनिलात फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर झाले. पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखालचे शिष्टमंडळ १५९३ मध्ये हिदेयोशीच्या दरबारात गेले, तेव्हा दुभाषाचे काम त्यांनीच केले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा मान मिळवणारे ते पहिलेच. वसईत त्यांच्या नावाचे चर्च आणि महाविद्यालय आहे.

हिदेयोशीनंतर सत्ता तोकुगावा घराण्याकडे गेली. प्रोटेस्टंट डच व्यापारी आले आणि त्यांनी धर्मप्रसाराचे लचांड मागे न लावता माल द्यायची तयारी दाखवली. पाद्र्यांवाचून व्यापार अडतो, ही अडचण दूर झाली. १६१४ मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि पाद्र्यांना जहाजांत बसवून मकाव व मनिला इथे रवाना केले गेले. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, तेव्हा जपानमध्ये उरलेसुरले पाद्री शेतकऱ्यांच्या घरांत लपून दिवस काढत होते. १६२२ मध्ये नागासाकीत एकाच दिवशी ५५ जणांना देहदंड झाला.

१६३७ च्या अखेरीस शिमाबारा भागात जबर करांनी पिचलेले शेतकरी आणि धनी गमावलेले सामुराई यांनी बंड केले. त्यांतले बहुतेक ख्रिस्ती होते आणि त्यांच्या निशाणांवर ख्रिस्ती चिन्हे होती. हारा किल्ल्यात कोंडल्या गेलेल्या सुमारे ३७ हजार बंडखोरांची १६३८ च्या वसंतात कत्तल झाली. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना कायमची बंदी झाली. बंदी उठवावी अशी विनवणी घेऊन १६४० मध्ये मकावहून आलेल्या शिष्टमंडळातील ६१ जणांची डोकी उडवण्यात आली. एंदोंची गोष्ट नेमक्या याच काळात घडते. राज्याच्या लेखी ख्रिस्ती धर्म हा तेव्हा पूजेअर्चेचा विषय राहिलेला नव्हता. त्यात बंडाचा आणि परकीय आक्रमणाचा वास येत होता.

छळाचे तंत्र

आरंभीच्या जाहीर देहदंडांना हजारो लोक जमत, भजने म्हणत आणि मेलेल्यांचे अवशेष जपून ठेवत. मारून धर्म संपत नाही, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले आणि यंत्रणा बदलली. प्रत्येक कुटुंबाची नोंद एखाद्या बौद्ध मंदिरात करणे सक्तीचे झाले. पाद्र्याची खबर देणाऱ्याला चांदीची नाणी देण्याचे जाहीर फलक गावोगाव लागले. पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या गुन्ह्याला सगळ्यांना जबाबदार धरले गेले.

सर्वात प्रभावी ठरले ते ‘फुमिए’. येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि प्रत्येकाला तिच्यावरून चालायला लावायचे. नागासाकीत ही प्रथा १६२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. प्रथम कागदी चित्रे वापरली, ती फाटत. मग लाकडी फळीत बसवलेले धातूचे पत्रे आले. १६६९ मध्ये नागासाकीच्या अधिकाऱ्यांनी एका कारागिराकडून पितळेच्या वीस प्रतिमा ओतवून घेतल्या. दर वर्षाच्या आरंभी घरोघरच्या लोकांना त्यांवरून चालावे लागे, तान्ह्या मुलांचे पाय टेकवले जात आणि आजाऱ्यांच्या पायांना प्रतिमा लावली जाई. वस्तुसंग्रहालयांत आज जे फुमिए पाहायला मिळतात, त्यांवरचे नाक, डोळे, बोटे झिजून गुळगुळीत झालेली आहेत. पाय ठेवताना अधिकारी चेहऱ्याकडे पाहत. कपाळाला घाम आला, श्वास अडखळला, तरी तेवढा पुरावा पुरे होई.

पाद्र्यांसाठी ‘आनात्सुरुशी’ म्हणजे खड्ड्यावर उलटे टांगण्याची शिक्षा होती. अंग दोरखंडाने आवळून माणसाला डोके खाली करून विष्ठेने भरलेल्या खड्ड्यात सोडत. कानामागे बारीक चीर देत, म्हणजे रक्त थेंबाथेंबाने गळत राही आणि मरण लांबे. एक हात मोकळा ठेवत, कबुलीची खूण करता यावी म्हणून.

ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकीत या खड्ड्यांवर टांगलेल्यांत दोन माणसे होती. एक क्रिस्तोवाँ फरेरा, जपानमधील जेझुइटांचे त्या वेळचे प्रमुख, वीसहून अधिक वर्षे तिथे राबलेले. दुसरे नाकाउरा जुलियान, पूर्वी रोमला जाऊन आलेल्या चार मुलांपैकी एक आणि आता उतारवयातले धर्मगुरू. जुलियान तिसऱ्या दिवशी मरण पावले. फरेरांनी पाच तासांनी खूण केली. पुढे त्यांना सावानो चुआन हे जपानी नाव देण्यात आले. ते चौकशांत दुभाषाचे काम करू लागले आणि १६३६ मध्ये ख्रिस्ती धर्माचे खंडन करणारे पुस्तक त्यांच्या नावावर निघाले. ही बातमी युरोपला पोचली, तेव्हा जेझुइटांचा तिच्यावर विश्वास बसेना.

कथानक आणि त्याची बांधणी

कादंबरी या बातमीपासून सुरू होते. फरेरांचे शिष्य सेबास्तियाँ रॉड्रिग्ज आणि फ्रान्सिस्को गार्पे हे दोन तरुण पाद्री आपल्या गुरूचे खरे काय झाले ते शोधायला निघतात. लिस्बन, गोवा, मकाव असा त्यांचा मार्ग आहे. मकावमध्ये त्यांना किचिजिरो हा दारुडा, लाचार जपानी भेटतो आणि त्याच्या मदतीने ते नागासाकीजवळच्या किनाऱ्यावर रात्री उतरतात. तोमोगी नावाच्या गावातले गुप्त ख्रिस्ती शेतकरी त्यांना डोंगरातल्या कोळसेवाल्याच्या झोपडीत लपवतात. रात्री मिस्सा होते, बाप्तिस्मे होतात, पापनिवेदने ऐकली जातात.

खबर फुटते. अधिकारी गावातून ओलीस मागतात. फुमिए समोर आला तर काय करायचे, असे शेतकरी विचारतात. रॉड्रिग्जच्या तोंडून निघून जाते, की पाय द्या. गार्पेला ते रुचत नाही. शेवटी मोकिचि आणि इचिझो यांना भरतीच्या पाण्यात रोवलेल्या खांबांना बांधले जाते आणि लाटा त्यांचा हळूहळू जीव घेतात. रॉड्रिग्ज दुरून पाहत असतो. समुद्र नेहमीसारखाच गाजत राहतो, आकाशातून काहीही होत नाही. पुढे सगळी कादंबरी व्यापणारा प्रश्न इथे उभा राहतो : इतके होऊनही देव गप्प का?

एकटा भटकणाऱ्या रॉड्रिग्जला किचिजिरो पुन्हा गाठतो, खारवलेला सुका मासा खायला देतो, तहान लागल्यावर पाणी आणायला जातो आणि परत येतो तो शिपायांना घेऊन. पाद्र्याच्या शिरावर चांदीच्या ३०० नाण्यांचे इनाम आहे. यहूदाने घेतलेल्या तीस नाण्यांची आठवण करून देणारा हा आकडा आहे.

निवेदनाच्या तीन तऱ्हा एंदोंनी वापरल्या आहेत आणि कादंबरीतला थरार बराचसा त्यांत आहे. एका छोट्या प्रस्तावनेनंतरची पहिली चार प्रकरणे रॉड्रिग्जच्या पत्रांची आहेत. पत्रे उत्साही आहेत, लिहिणाऱ्याला स्वतःच्या धैर्याची खात्री आहे. अटकेनंतर पत्र लिहिणे शक्य नाही, म्हणून निवेदन तृतीयपुरुषी होते आणि वाचक त्याच्याकडे थोड्या अंतरावरून पाहू लागतो. अखेरीस डच व्यापाऱ्याच्या कारकुनाची रोजनिशी आणि एका पहारेकऱ्याच्या नोंदी येतात. आता तो फक्त सरकारी दप्तरातले एक नाव उरला आहे. ज्याचे मन आपण आतून ओळखत होतो, त्याच्या मनात आता काय आहे हे कुणीच सांगत नाही. वाचकाने कोरड्या नोंदींतून माग काढायचा.

तुरुंगातला भाग सर्वात ताणलेला आहे. गार्पेसमोर गवताच्या चटयांत गुंडाळलेले ख्रिस्ती कैदी होडीतून समुद्रात ढकलले जातात. तो त्यांच्यामागे पाण्यात झेपावतो आणि बुडतो. दुभाषा रॉड्रिग्जला सांगतो, की त्या कैद्यांनी धर्म केव्हाच सोडला होता. हट्ट पाद्र्याचा आणि मरण त्यांचे. पुढे रॉड्रिग्जची गाठ खुद्द फरेरांशी घालून दिली जाते. शेवटच्या रात्री त्याला एका अंधाऱ्या खोलीत कोंडतात. चाचपडताना भिंतीवर कोरलेली लॅटिन अक्षरे त्याच्या बोटांना लागतात, देवाची स्तुती करा अशा अर्थाची. बाहेर कुणी पहारेकरी जोरजोरात घोरतो आहे, असे वाटून त्याला चीड येते. मग फरेरा येऊन सांगतात, की ते घोरणे नाही, खड्ड्यावर टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे आहे. भिंतीवरची अक्षरेही फरेरांनीच कोरली होती, याच खोलीत, असेच कण्हणे ऐकत असताना. त्या शेतकऱ्यांनीही धर्म सोडलेला आहे, पण पाद्र्याने पाय दिल्याशिवाय त्यांना खाली उतरवणार नाहीत.

पहाटे फुमिए समोर ठेवला जातो. रॉड्रिग्ज आयुष्यभर येशूच्या देखण्या, तेजस्वी चेहऱ्याचे ध्यान करत आलेला आहे. समोरचा चेहरा असंख्य पावलांखाली झिजून बसका झालेला आहे. त्या चेहऱ्याकडूनच पाय देण्याची अनुज्ञा आल्याचे त्याला ऐकू येते. तो पाय देतो आणि दूर कोंबडा आरवतो. पेत्राने येशूला नाकारल्याचा प्रसंग माहीत असलेल्या वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

तीन माणसे

रॉड्रिग्जभोवतीची तीन पात्रे कादंबरीचा युक्तिवाद पुढे नेतात. अधिकारी इनोउए क्रूर दिसत नाही. तो हसतमुख, म्हातारा, पंख्याने वारा घेणारा माणूस आहे, कधीकाळी स्वतः ख्रिस्ती होता. चार रखेल्यांच्या भांडणाने हैराण झालेल्या सरदाराची गोष्ट तो सांगतो. चार बायका म्हणजे स्पेन, पोर्तुगाल, हॉलंड आणि इंग्लंड, हे ओळखायला वेळ लागत नाही. धर्म खरा की खोटा यात त्याला रस नाही, त्याला राज्य चालवायचे आहे.

फरेरांचे म्हणणे अधिक बोचरे आहे. जपान ही दलदल आहे आणि तिच्यात लावलेल्या रोपाची मुळे कुजतात, असे ते सांगतात. इथल्या लोकांनी देव म्हणून जे पूजले ते त्यांनी स्वतःच्या मनाने घडवलेले होते, असा त्यांचा दावा आहे. हा पराभूत माणसाचा बचाव आहे की वीस वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष, हे एंदो ठरवून टाकत नाहीत.

तिसरा किचिजिरो. तो पुन्हा पुन्हा फुमिएवर पाय देतो, पुन्हा पुन्हा फितूर होतो आणि प्रत्येक वेळी रडत पापनिवेदनाला येतो. त्याची तक्रार साधी आहे. छळ नसलेल्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून जगलो असतो, देवाने मला दुबळा घडवले आणि मागतो मात्र शूराचे काम. रॉड्रिग्जला आधी त्याची किळस येते. स्वतः पाय दिल्यानंतर दोघांतले अंतर मिटते.

इतिहास किती, कल्पना किती

रॉड्रिग्जचे मूळ जुझेप्पे कियारा या सिसिलीच्या जेझुइटात आहे. फरेरांचे पाप धुऊन काढायच्या निश्चयाने अंतोनियो रुबिनो यांचा गट १६४२ मध्ये जपानात उतरला, पकडला गेला आणि त्यातले सगळे मारले गेले. १६४३ मध्ये दुसरा गट आला, त्यात कियारा होते. त्यांना एदो म्हणजे आजच्या टोकियोत नेण्यात आले, छळाखाली त्यांनी धर्म सोडला, त्यांना ओकामोतो सानएमोन हे एका मृत सामुराईचे नाव आणि त्याची विधवा पत्नी म्हणून देण्यात आली. ‘किरिशितान याशिकी’ या ख्रिस्ती कैद्यांच्या वाड्यात ते १६८५ पर्यंत जगले. एंदोंनी नायकाला पोर्तुगीज केले, नाव ओकादा सानएमोन असे किंचित बदलले आणि पाय देण्याचा प्रसंग नागासाकीला नेला.

इनोउए मासाशिगे ही खरी व्यक्ती आहे. तोकुगावा राज्यकर्त्यांच्या, म्हणजे शोगुनच्या, या बड्या अधिकाऱ्याकडे ख्रिस्तीविरोधी तपास होता. कादंबरीत त्याला नागासाकीचा न्यायाधिकारी केले आहे. मकावमध्ये नायकांना भेटणारे व्हालिन्यानो प्रत्यक्षात १६०६ मध्येच वारले होते. कियारांच्या कैदेच्या वाड्याची गोष्ट पुढेही चालू राहिली. १७०८ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता सिदोत्ती हे इटालियन पाद्री एकटेच जपानात उतरले आणि त्याच वाड्यात कैदेत मरण पावले. २०१४ मध्ये टोकियोत त्या जागी खोदकाम झाले, तेव्हा त्यांचे अवशेष सापडले.

एंदो आणि त्यांचे वाचक

शुसाकू एंदो यांचा जन्म १९२३ चा. आईवडील विभक्त झाल्यावर आई त्यांना घेऊन कोबेला आली, कॅथलिक झाली आणि तिच्या सांगण्यावरून शाळकरी वयातच त्यांचाही बाप्तिस्मा झाला. महायुद्धाच्या काळात ख्रिस्ती असणे म्हणजे शत्रूच्या धर्माचे असणे होते. १९५० मध्ये ते फ्रेंच साहित्य शिकायला फ्रान्सला गेले, तर तिथे परके ठरले. आपला धर्म हा आईने चढवलेला, अंगाला न बसणारा पाश्चात्त्य सूट आहे आणि तो उसवून आपल्या मापाचा किमोनो शिवायचा आहे, असे ते म्हणत. १९६० नंतर क्षयाने त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ इस्पितळात ठेवले आणि फुप्फुसावर शस्त्रक्रिया झाल्या. नागासाकीत पाहिलेला एक फुमिए त्यांच्या मनातून जात नव्हता. त्याच्या लाकडी चौकटीवर पायांच्या बोटांचे काळे डाग होते. ती पावले कुणाची आणि ती टेकवताना त्यांना काय वाटले असेल, या विचारातून कादंबरी वाढली.

जपानमध्ये कादंबरी धडाक्याने खपली, पण कॅथलिक समाजात वादळ उठले. नागासाकीच्या भागात तर अनेकांचे पूर्वज पाय न देता मेले होते. धर्मत्यागाला येशूचीच संमती दाखवणे त्यांना सोसण्यासारखे नव्हते. दुसरीकडे डाव्या विचारांच्या तरुणांना तीत वेगळेच दिसले. १९३० च्या दशकात पोलिसांच्या दडपणाखाली कम्युनिस्टांनी लिहून दिलेली विचारत्यागाची पत्रे जपानी स्मरणात ताजी होती. एंदोंची स्वतःची तक्रार अशी, की लोक शेवटच्या रोजनिशीपर्यंत नीट वाचतच नाहीत. तिथे सानएमोन झालेल्या रॉड्रिग्जकडून धर्मत्यागाचे निवेदन पुन्हा लिहून घेतले जाते आणि सेवक म्हणून राहिलेल्या किचिजिरोकडे ख्रिस्ती ताईत सापडतो. ज्याने धर्म खरोखर सोडला, त्याच्याकडून तो सोडल्याचे पुन्हा कशाला लिहून घेतील?

कादंबरीवर मासाहिरो शिनोदा यांनी १९७१ मध्ये आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१६ मध्ये चित्रपट काढले. स्कॉर्सेसींच्या मनात हा विषय पंचवीसहून अधिक वर्षे घोळत होता. त्यांच्या चित्रपटात अँड्र्यू गारफिल्ड रॉड्रिग्ज आणि लियम नीसन फरेरा आहेत. अखेरीस चितेवरच्या रॉड्रिग्जच्या हातात लहानसा क्रूस दिसतो. कादंबरीने वाचकावर सोपवलेले उत्तर चित्रपटाने उघड दिले. एंदोंनी पुढे ‘द सामुराई’ (१९८०) आणि वाराणसीत घडणारी ‘डीप रिव्हर’ (१९९३) या कादंबऱ्या लिहिल्या. ते १९९६ मध्ये वारले. नागासाकीजवळच्या सोतोमे या किनाऱ्यावर त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे.

पाय देणाऱ्यांचे वंशज

फरेरांच्या दलदलीच्या सिद्धान्ताला इतिहासाने दिलेले उत्तर कादंबरीच्या काळानंतरचे आहे. सोतोमे, गोतो बेटे, उराकामी अशा ठिकाणी गुप्त ख्रिस्ती समाज दोनशेहून अधिक वर्षे टिकून राहिला. त्यांच्यात एकही धर्मगुरू नव्हता. गावातलाच एखादा माणूस बाप्तिस्मा देई, दुसरा सणवारांचा हिशेब ठेवी. ‘ओराशो’ म्हणजे लॅटिन-पोर्तुगीज प्रार्थना पाठांतराने पुढे गेल्या आणि त्यांतले शब्द ओळखू येईनासे झाले. कानोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीपुढे मरियेची प्रार्थना होई.

जपानने बंदरे खुली केल्यावर फ्रेंच पाद्र्यांनी परदेशी रहिवाशांसाठी नागासाकीत ओउरा चर्च बांधले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही गावकरी तिथे आले आणि आपणही त्याच श्रद्धेचे आहोत, असे त्यांनी फादर पेतिजाँ यांना सांगितले. बंदी तेव्हाही लागू होती. पुढच्या काही वर्षांत उराकामीच्या सुमारे ३,४०० ख्रिस्ती लोकांना घरादारांतून उठवून देशभर हद्दपार करण्यात आले आणि १८७३ मध्ये, पाश्चात्त्य देशांच्या दबावानंतर, बंदीचे फलक उतरले. २०१८ मध्ये या भागातील बारा स्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

ओउरा चर्चमध्ये आलेल्या गावकऱ्यांचे वाडवडील दरवर्षी फुमिएवर पाय देत आले होते, कारण पाय न देणारी कुटुंबे त्या गावांत उरलीच नव्हती. घरी परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. रक्तसाक्ष्यांची नावे चर्चच्या इतिहासात नोंदली गेली, पण बंदीच्या काळात धर्म पुढच्या पिढीच्या हाती दिला तो या बिननावाच्या माणसांनी. एंदोंनी किचिजिरोला कादंबरीच्या मध्यावर आणून बसवले, त्याला हा ऐतिहासिक आधार आहे.